पोटातले बाळ वाढत नाही, तेव्हा

सातवा महिना लागतो. वस्तीतली एखादी भगिनी सोनोग्राफी करून येते. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘आययूजीआर’ किंवा ‘एफजीआर’ अशी अक्षरे असतात. डॉक्टर घाईत एवढेच सांगतात, “बाळाची वाढ कमी आहे, पंधरा दिवसांनी परत या.” घरी आल्यावर जो तो आपापले सांगू लागतो. आजी म्हणते, गर्भ सुकला. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. मेडिकलवाला प्रोटीन पावडरचा डबा पुढे करतो. सासूबाई म्हणतात, “आमची पोरंबी बारीकच झाली, काय बिघडलं?” आणि ती भगिनी रात्रभर एकच विचार करते की आपले कुठे चुकले.

या अंकात आम्ही त्या अक्षरांचा अर्थ सांगणार आहोत. आईच्या पोटात बाळाची जेवढी वाढ व्हायला हवी तेवढी न होणे, असा तो अर्थ. हे का होते, कसे ओळखायचे, ओळखल्यावर काय करायचे आणि सरकारी दवाखान्यात आपला कोणता हक्क आहे, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे. फक्त गरोदर बाईला नव्हे, तिच्या नवऱ्याला, सासूला आणि आईलाही.

कमी वजन आणि कमी वाढ यांतला फरक

जन्मताना बाळाचे वजन २५०० ग्रॅमपेक्षा, म्हणजे अडीच किलोपेक्षा कमी असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला कमी वजनाचे बाळ म्हणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या देशात वजन नोंदवलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे या रेषेखाली होती. दर अकरा बाळांत दोन, असे समजा.

पण वजन कमी भरण्याची कारणे दोन असतात. एक, बाळ लवकर जन्मले. दोन, दिवस भरले पण पोटात वाढच झाली नाही. समजा, दोन बाळांचे वजन सारखेच २ किलो ३०० ग्रॅम आहे. पहिले ३४ व्या आठवड्यात जन्मले. त्या आठवड्याच्या मानाने त्याची वाढ बरोबर आहे, ते फक्त लवकर आले. दुसरे ४० व्या आठवड्यात जन्मले. त्याला तीन किलोच्या आसपास जायला पुरेसा वेळ मिळाला होता, तरी ते गेले नाही. दोघांची काळजी वेगळी घ्यावी लागते. काही बाळांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम घडतात, ती सर्वांत नाजूक.

डॉक्टर एक साधी तुलना करतात. एकाच आठवड्याची शंभर बाळे वजनाप्रमाणे रांगेत उभी केली तर सर्वांत खालच्या दहांत आपले बाळ येते का? येत असेल तर ते वयाच्या मानाने लहान. मात्र खालच्या दहांतले प्रत्येक बाळ आजारी नसते. आईवडीलच चणीने लहान असतील तर बाळही लहान आणि ठणठणीत असू शकते. काळजी असते ती आधी नीट वाढणाऱ्या आणि मग वाढ मंदावलेल्या बाळाची. म्हणून एका सोनोग्राफीवर निकाल लागत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजावे लागते.

या सगळ्या हिशेबाचा पाया आहे शेवटच्या पाळीची तारीख. ती चुकली तर आठवडे चुकतात, आणि आठवडे चुकले तर नीट वाढणारे बाळ लहान वाटते किंवा लहान राहिलेले बाळ नीट वाटते. प्रत्येक महिन्याची पाळी कॅलेंडरवर खूण करून ठेवायची सवय मुलींना लहानपणापासूनच लावा. पाळी चुकली की तीन महिन्यांच्या आत दवाखान्यात नाव नोंदवा. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाचे वय सर्वांत अचूक कळते.

वार: बाळाची शिदोरी

बाळ पोटात स्वतः जेवत नाही, श्वास घेत नाही. त्याला अन्न आणि प्राणवायू मिळतो तो वारेतून. वारेत आईचे रक्त आणि बाळाचे रक्त शेजारी शेजारी वाहते, पण एकमेकांत मिसळत नाही. आईच्या रक्तातले साखर, प्रथिने, लोह, प्राणवायू वार उचलते आणि नाळेतून बाळाकडे पाठवते.

गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. पायवाटेचा रस्ता व्हावा, तसे. काही स्त्रियांत हा रस्ता रुंद होतच नाही. मग आईने कितीही खाल्ले तरी वारेपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही. अशाच स्त्रियांत पुढे बीपी वाढण्याचाही धोका असतो. म्हणून वाढलेले बीपी आणि न वाढणारे बाळ या दोन गोष्टी पुष्कळदा जोडीने येतात.

शिदोरी कमी पडली की बाळाचे शरीर काटकसर करते. तुटपुंज्या पगारात घर चालवणारी बाई जशी आधी घरभाडे आणि पोरांचे जेवण बघते, बाकीचे मागे ठेवते, तसे बाळ आधी मेंदूला आणि हृदयाला रक्त देते. पोट, हातपाय, मूत्रपिंड मागे राहतात. म्हणून अशा बाळाचे डोके नीट वाढलेले आणि पोट बारीक दिसते. मूत्रपिंडाला रक्त कमी गेले की लघवी कमी होते. गर्भाशयातले पाणी बरेचसे बाळाच्या लघवीचेच असते, त्यामुळे पाणीही कमी होते. रिपोर्टवर ‘वाढ कमी’ आणि ‘पाणी कमी’ एकत्र लिहिलेले दिसते ते यामुळे.

कारणे: काही हातातली, काही नाहीत

*रक्त कमी असणे.* याच सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गरोदरपणात ते कमी मानतात. ७ च्या खाली गेले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

*बीपी.* डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, चेहऱ्यावर सूज, छातीच्या खाली पोटात दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पण बीपी पुष्कळदा काहीही न जाणवता वाढते. म्हणून प्रत्येक भेटीत ते मोजून घ्या. मोजले नाही तर आठवण करून द्या.

*मशेरी आणि तंबाखू.* पुण्याकडे मिश्री म्हणतात, मुंबईत मशेरी. विडीचा धूर वाईट हे सगळ्यांना पटते, पण मशेरी म्हणजे ‘फक्त दात घासणे’ असे आपल्या आयाबाया समजतात. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. न जळणारा तंबाखू, त्यात मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली, आणि ती लवकरही जन्मली. तंबाखूतले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते आणि रक्तवाहिन्या आकसतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा, झोपताना एकदा मशेरी लावणारी बाई दिवसातून तीनदा बाळाचा रस्ता अरुंद करते. घरातल्या मोठ्या बायांनी आधी सोडली तर सुनेला सोडणे सोपे जाते. नवऱ्याने घरात विडी-सिगारेट ओढू नये. कोपऱ्यावर कचरा जाळणेही बंद करावे. दारूचे तर नावच नको.

*सिकलसेल.* विदर्भातल्या वाचकांनी हे लक्ष देऊन वाचावे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत आदिवासी समाजाबरोबर आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. सिकलसेलचा आजार असलेल्या स्त्रीच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि वारेतल्या बारीक वाहिन्यांत अडकतात. अशा गरोदरपणात बाळाची वाढ खुंटण्याचा धोका बराच जास्त असतो. ज्यांना फक्त वाहक म्हणतात, त्यांना सहसा हा त्रास होत नाही. पण नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते. लग्न ठरवतानाच दोन्ही बाजूंनी ती करून घ्यावी. पत्रिका बघणे आपण सोडले, रक्ताचा रिपोर्ट बघणे मात्र सुरू करायला हवे.

*मलेरिया आणि इतर आजार.* गरोदरपणात थंडी-ताप आला तर अंगावर काढू नका, रक्त तपासा. मलेरियाचे जंतू वारेत दडून बसतात. मूत्रपिंडाचे, हृदयाचे आजार, काही संसर्ग आणि बाळातला जन्मजात दोष ही आणखी कारणे. जुळी असतील तर एकाची किंवा दोघांचीही वाढ मागे पडू शकते.

*कोवळे वय आणि कमी अंतर.* सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचे स्वतःचेच शरीर अजून वाढत असते. तिला आणि बाळाला एकाच ताटातून वाटून घ्यावे लागते. एका बाळंतपणात गेलेले लोह आणि ताकद भरून यायलाही वेळ लागतो. म्हणून बाळ किमान दोन वर्षांचे झाल्याशिवाय पुन्हा दिवस राहू नयेत. तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

एवढी कारणे सांगितली तरी एक गोष्ट ठाम लक्षात ठेवा. पुष्कळ वेळा वारेतच दोष असतो आणि तो का झाला हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. बाई नीट जेवते, मशेरीला हात लावत नाही, तरी बाळ वाढत नाही, असे घडते. यात कुणाची दृष्ट नसते, कुणाचा पायगुण नसतो आणि आईचा अपराध तर मुळीच नसतो. ग्रहणाशी तर याचा काडीचाही संबंध नाही. उलट ग्रहणाच्या नावाखाली गरोदर बाईला तासन् तास उपाशी आणि कोंडून ठेवणे हेच तिच्या अंगावर येते.

ओळखायचे कसे

पहिले हत्यार आहे शिंप्याकडे असते तशी साधी टेप. साधारण २४ आठवड्यांनंतर नर्सबाई किंवा डॉक्टर पोटाची उंची मोजतात. जितके आठवडे, जवळपास तितके सेंटीमीटर भरावे लागतात. ३० आठवड्यांना २७ किंवा त्याहून कमी भरले तर सोनोग्राफी करायला हवी. ही टेप लावायला एक मिनिट लागते. तपासणीच्या टेबलावर झोपवलेच नाही, नुसत्या गोळ्या देऊन परत पाठवले, तर ती तपासणी पुरी झाली असे मानू नका.

दुसरे, आईचे वजन. बेताच्या बांध्याच्या स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वाढते. चौथ्या महिन्यानंतर दर महिन्याला दीड-दोन किलो. महिनाभर काटा हललाच नाही तर विचारा.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, बाळाची हालचाल. हे यंत्र आईच्याच जवळ आहे आणि त्याला पैसा लागत नाही. सातव्या महिन्यानंतर रोज ठरावीक वेळी, जेवण झाल्यावर, डाव्या कुशीवर पडून हालचाल मोजा. दोन तासांत दहा वेळा तरी बाळ हलले पाहिजे. कमी हलले, किंवा रोजच्यापेक्षा मंद वाटले, तर सकाळची वाट पाहू नका. ज्या बाळांना वार पुरेसे देऊ शकत नाही ती ताकद वाचवण्यासाठी हालचाल कमी करतात. पोटातच बाळ दगावण्याआधी पुष्कळदा हाच एक इशारा मिळतो. “दिवस भरत आले की बाळ शांत होतं” ही समजूत चुकीची आहे. शेवटच्या दिवसापर्यंत बाळ हलत राहते.

चौथे, सोनोग्राफी आणि डॉपलर. सोनोग्राफीत बाळाचे डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजून वजनाचा अंदाज काढतात. हा अंदाजच असतो, थोडा इकडे-तिकडे होतो. डॉपलरमध्ये नाळेतला रक्तप्रवाह दिसतो. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणातही नाळेतून रक्त पुढे वाहत राहिले पाहिजे. ते कमी झाले तर लक्ष ठेवावे लागते. थांबले तर दवाखान्यात भरती व्हावे लागते. उलटे वाहू लागले तर वेळ फार थोडा असतो. रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारा: “नाळेतला रक्तप्रवाह कसा आहे?” मुलगा की मुलगी हा प्रश्न मात्र विचारू नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि बुद्धाच्या घरात तो शोभतही नाही.

निदान झाल्यावर

एक सत्य आधी पचवायला हवे. वारेचा रस्ता अरुंद असेल तर तो रुंद करणारी गोळी, इंजेक्शन किंवा सलाईन आज उपलब्ध नाही. ‘बाळाचे वजन वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी महाग पावडर हा त्यावर उपाय नाही. त्या पैशांत महिनाभर अंडी आणि दूध येईल. दिवसभर अंथरुणाला खिळून राहिल्यानेही बाळ वाढते असे सिद्ध झालेले नाही. जड काम सोडावे, दुपारी डाव्या कुशीवर पडावे, एवढे पुरे.

मग डॉक्टर करतात काय? ते आईच्या अंगातले सुधारता येईल ते सुधारतात: बीपी आटोक्यात आणतात, रक्त वाढवतात, मलेरियावर औषध देतात. आणि बाळाला पोटात किती दिवस ठेवायचे याचा तोल सांभाळतात. लवकर काढले तर फुप्फुसे कच्ची, उशीर केला तर पोटात उपासमार. रक्तप्रवाह चांगला असेल तर ३७ आठवडे पुरे होऊ देतात. फारच बिघडला असेल तर त्याआधी, कधी ३२-३४ आठवड्यांतही बाळंतपण करावे लागते. लवकर करायचे असेल तर बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याला घाबरू नका, त्याने बाळाचा जीव वाचतो.

प्रत्येक वेळी सिझर लागतेच असे नाही. पण अशा बाळाला कळा सोसण्याची ताकद कमी असते, म्हणून कळांच्या वेळी त्याच्या ठोक्यांवर सतत लक्ष हवे. असे बाळंतपण घरी किंवा गल्लीतल्या लहान नर्सिंग होममध्ये करू नये. जिथे रात्रीही सिझरची सोय आणि लहान बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे, अशा मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात आधीच नाव घाला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गावाला जायचा रिवाज असेल, तर या खेपेला तो बाजूला ठेवा, किंवा तिथल्या जिल्हा रुग्णालयाची चौकशी करूनच जा.

मागच्या खेपेला बाळ वाढले नव्हते किंवा बीपी वाढले होते, तर पुढच्या खेपेला पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांगा. काही स्त्रियांना ते कमी मात्रेची ॲस्पिरिन लवकर सुरू करतात. ही गोळी आपल्या मनाने कधीही घेऊ नये.

ताटात काय असावे

“जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं, मग सिझर होतं,” असे सांगून सातव्या महिन्यापासून सुनेचे जेवण कमी करणारी घरे आजही आहेत. बाळाचे वजन सर्वांत जास्त वाढते ते शेवटच्या तीन महिन्यांत. नेमके तेव्हाच ताट काढून घ्यायचे? दोन चपात्या खाणाऱ्या बाईने तीन खाव्यात, आणि दोन जेवणांच्या मध्ये काहीतरी तोंडात टाकावे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. त्यात असे दिसले की हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खाणाऱ्या स्त्रियांची बाळे मोठी भरली. नुसते पोट भरणे पुरेसे नाही, ताटात काय आहे तेही मोजले जाते.

मुंबईच्या वस्त्यांतही २००६ ते २०१२ या काळात असाच प्रयोग झाला. साडेसहा हजार स्त्रियांना रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते, दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे साधे जिन्नस. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात फारसा फरक पडला नाही. पण दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून चांगला खाऊ खाणाऱ्या स्त्रियांत कमी वजनाची बाळे शंभरात ३४ निघाली, तर साध्या खाऊच्या गटात ४१. आणि आधीच फार अशक्त असलेल्या स्त्रियांना मात्र हा फायदा मिळाला नाही. यातून शिकण्यासारखे एवढेच की बाळाची तयारी दिवस राहिल्यावर सुरू करून उशीर होतो. ती मुलगी वयात येते तेव्हाच सुरू व्हायला हवी. भावाच्या ताटात अंडे आणि बहिणीच्या ताटात रस्सा, हे आधी थांबले पाहिजे.

आपल्या घरात परवडेल असे कितीतरी आहे. सकाळी चहा-खारीऐवजी नाचणीची भाकरी किंवा अंडे-चपाती. मेथी, लाल माठ, शेवग्याचा पाला. मटकी, चवळी, हरभरे. मूठभर शेंगदाणे आणि गूळ. सुकट, जवळा, बोंबील. जेवणावर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नका, त्याने लोह वाया जाते. पिकलेली पपई, केळी, अंडी ‘उष्ण’ म्हणून वर्ज्य करण्याची गरज नाही.

चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, किमान १८० दिवस. शौचाला काळे होते, थोडे मळमळते, पण बाळ काळे होत नाही. रात्री जेवल्यावर घेतली तर मळमळ कमी वाटते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, दोन्ही एकत्र नकोत. सिकलसेल असलेल्या भगिनींनी लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. वर्षावासात उपोसथ धरणाऱ्या भगिनींनी गरोदरपणात दुपारनंतरचे जेवण सोडू नये. पंचशील पोटभर जेवूनही पाळता येते.

विश्रांती: बाबासाहेबांनी मांडलेला प्रश्न

पुण्याच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. शेतातले जड काम, पाणी भरणे, कपडे धुणे, अशा कष्टांत जास्त वेळ गेलेल्या स्त्रियांची बाळे लहान भरली. आपल्या वस्तीत याचा अर्थ वेगळा सांगायला नको. सकाळी पाण्याचे हंडे, मग चार घरची धुणीभांडी, किंवा झाडूकाम, किंवा बिगारी, आणि संध्याकाळी पुन्हा घरचा स्वयंपाक. आठव्या महिन्यापर्यंत हे चालते, कारण खाडा झाला तर पैसा कापला जातो.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज नोकरीतल्या स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण घरकामगार, कचरावेचक, कंत्राटी सफाई कामगार भगिनींपर्यंत ती पोहोचत नाही. ती मिळवण्याची लढाई संघटनेची आहे. तोवर घरातली लढाई घरातल्यांनी लढायची: पाण्याचा हंडा नवऱ्याने उचलायचा, दुपारी दोन तास तिला कुणी हाक मारायची नाही.

जन्मल्यानंतर

पोटात कमी वाढलेल्या बाळाच्या अंगावर चरबी नसते. ते पटकन गार पडते आणि त्याच्या रक्तातली साखर पटकन उतरते. पहिले काही दिवस या दोन शत्रूंशी लढायचे असते.

पहिल्या तासात अंगावर पाजा. पहिला पिवळा चीक पिळून टाकू नका, ती पहिली लस आहे. दर दोन तासांनी पाजा, झोपले असेल तर उठवून पाजा. ओढत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्या. मध, गुळाचे पाणी, बाळघुटी काही नको. वजन वाढेपर्यंत आंघोळ नको, ओल्या फडक्याने पुसा. डोक्यात टोपी, पायात मोजे घाला.

आणि बाळाला उघडे करून आईच्या उघड्या छातीवर, वरून लुगडे किंवा चादर गुंडाळून ठेवा. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती सुरू केली. नंतर आपल्या देशासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर अशी ऊब मिळालेल्या फार लहान बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे दिसले. आई थकली तर बाप, आजी कुणीही बाळ छातीवर घेऊ शकतात. बापाने लाजू नये.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करून दाखवले. त्याच धर्तीवर आता आशाताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्या आल्या नाहीत तर निरोप पाठवून बोलवा.

बाळ दूध ओढेना, रडणे क्षीण झाले, पोट आणि तळपाय गार लागले, श्वास फार जलद चालला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा झटका आला, तर अंगारा-धुपारा करत बसू नका. छातीला धरून थेट रुग्णालयात न्या.

पुढे बाळ सावरले की दुसरी चूक होते: वजन भरून काढायच्या नादात बिस्किटे, साखर, पावडरी यांचा मारा. पुण्याच्या अभ्यासाने दाखवले की आपली लहान बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असतात, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून असते, स्नायू कमी असतात. अशी मुले पुढे झपाट्याने लठ्ठ झाली तर मधुमेह, बीपी, हृदयविकार लवकर गाठतात. सहा महिने फक्त आईचे दूध, नंतर घरचे अन्न, दर महिन्याला अंगणवाडीत वजन, आणि पुढे भरपूर खेळणे, एवढे सांभाळा.

आपला हक्क

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त तज्ज्ञ डॉक्टर चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांना मोफत तपासतात. ‘जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमा’त सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. आजारी बाळाचे उपचारही एक वर्षापर्यंत मोफत आहेत. गाडीसाठी १०२, तातडीला १०८. ‘मातृवंदना योजने’त पहिल्या बाळासाठी ५००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये खात्यात येतात. अंगणवाडीत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला पोषण आहार मिळतो. बाहेरून औषध आणायला सांगितले किंवा पैसे मागितले तर लेखी तक्रार करा, एकट्याने नव्हे, मंडळाला सोबत घेऊन.

विहारातल्या महिला मंडळांना आमची एक विनंती आहे. पौर्णिमेच्या वंदनेला सगळ्याजणी जमतातच. त्या दिवशी वस्तीत कोण गरोदर आहे याची यादी करा. प्रत्येकीचे कार्ड बघा: हिमोग्लोबिन लिहिले आहे का, बीपी लिहिले आहे का, पोटाची उंची लिहिली आहे का, पुढची तारीख कोणती. रिकामी जागा दिसली तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्याबरोबर दवाखान्यात जा. आणि रात्री-अपरात्री “बाळ हलत नाही” असा तिचा फोन आला, तर रिक्षा घेऊन कोण जाणार, त्या दोघा जणांची नावे आजच ठरवून ठेवा.